घर तयार होईपर्यंत

१

बुटांच्या कारखान्यातली पाळी सुटली की बाकीच्या बायका कोर्चा शहराच्या बाजाराकडे वळत आणि एफ्ताली एकटीच द्रेनोवा गावाचा चढ धरत असे. बोटांना गोंदाचा वास, पाठीत दिवसभराचा बाक आणि डोक्यात एकच विचार: आज तरी काही झालं असेल का? चढ संपला की वळणावर घर दिसायचं. दुमजली, लाल कौलांचं, लांबून अगदी तयार वाटणारं. दृष्ट लागू नये म्हणून गवंड्यांनी छपराच्या टोकाला कापडी अस्वल टांगलं होतं. उन्हापावसानं ते पार पांढरं पडलं होतं. मुळात ते तपकिरी होतं, यावरूनच काम किती रखडलं ते समजावं.

आधी परवान्याचं घोडं अडलं. सही करणारा साहेब रजेवर गेला आणि रजेवरून आला तो बदलीची ऑर्डर घेऊनच. मग थंडी आली, आणि कोर्चाच्या थंडीत सिमेंट धरत नाही. मग खिडक्या आल्या, त्या सगळ्या वीतभर अरुंद. खिडकीवाला म्हणाला भिंतींची भोकंच मोठी आहेत, लिगोर म्हणाला खिडकीवाल्याचं डोकं लहान आहे. मग लाद्या सीमेवर अडकल्या. आणि हे सगळं मार्गी लागतंय असं वाटलं तेव्हा लिगोर स्वतःच भाचीच्या लग्नाला ग्रीसला गेला आणि तिथला पीचतोडणीचा हंगाम संपल्यावर उगवला.

लिगोर म्हणजे त्यांचा गवंडी. सगळे त्याला उस्ता म्हणत. माणूस कामाचा होता, पण त्याच्या तोंडून निघालेला शब्द आणि त्याचं काम यांची कधी गाठ पडत नसे.

"उस्ता, दारं?"

"दारं निघालीत, सूनबाई."

"गेल्या महिन्यातही निघालीच होती."

"लांबून निघाली की वेळ लागणारच. पायी येतायत बिचारी."

ती चिडायची, तो हसायचा, आणि दोघं मिळून नव्या गिलाव्यावर पाणी मारायचे.

घाई होती ती वासिलिकासाठी. वासिलिका म्हणजे एफ्तालीची सासू. याच जागेवर तिचं दोन खोल्यांचं बसकं, ओलीनं पोखरलेलं घर होतं. एफ्ताली आणि तिचा नवरा पेत्राक ग्रीसमधल्या सालोनिकात बरीच वर्षं राबून परत आले, तेव्हा पेत्राकनं ते पाडलं आणि आईला शहरातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. "द्राक्षं पिकेपर्यंतच काढ इथं," तो तिला म्हणाला होता. द्राक्षं पिकली, परत पिकली. पुढच्या हिवाळ्यात इमारतीच्या दारातल्या बर्फावरून वासिलिका घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती खाटेवरच होती. खाटेला टेकून खिडकी होती आणि खिडकीतून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे तेवढे दिसत.

एफ्तालीला मूल झालं नाही. त्यावर सगळं गाव बोललं, पण सासूनं कधी एक अक्षर काढलं नाही. उलट सालोनिकाला पाठवायच्या डब्यात लोणच्याबरोबर ती सुनेसाठी लोकरीचे मोजे आठवणीनं घालायची. त्या म्हातारीला तिच्या स्वतःच्या जागेत, अक्रोडाच्या झाडाकडच्या वरच्या खोलीत नेऊन ठेवायचं, एवढंच एफ्तालीच्या मनात होतं. संध्याकाळी घरी आली की ती उशाशी बसून आज काय झालं, काय नाही झालं, ते सगळं सांगायची. वासिलिका डोळे मिटून ऐकायची.

२

वसंतात जिना झाला. त्या संध्याकाळी एफ्ताली चपला काढता काढताच म्हणाली, "आई, जिना झाला बरं का! आज मी धडधडत वर जाऊन आले."

वासिलिका पेजेचा घास गिळत होती. गिळून झाल्यावर म्हणाली, "झालाय खरा. पण वळणावरची पायरी उंच झालीय. माझा पाय अडतो तिथं."

"कुठली पायरी?"

"वळणावरची म्हटलं ना. लिगोरला सांग. त्याचा बापही पायऱ्यांत असाच चुकायचा."

एफ्तालीनं हसून तिची हनुवटी पुसली. म्हाताऱ्या माणसाला जुनं घर आठवतं, त्यात काय नवल. वाडगा विसळताना मात्र तिच्या लक्षात आलं की जुन्या घराला वरचा मजला नव्हता. जिनाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती जिन्याशी उभी राहिली, डोळे मिटले आणि चढू लागली. वळणावर बुटाचं टोक पायरीला अडलं आणि ती गुडघ्यावर पडली.

लिगोरनं टेप लावून पाहिलं, पुन्हा लावलं आणि मान खाजवली. "आहे खरी उंच. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"म्हातारी खाटेवरून बघते की काय?" लिगोर मोठ्यानं हसला. एफ्तालीही हसली.

पेत्राक कोर्चा ते पोग्रादेत्स मिनीबस चालवायचा. रात्री जेवताना तिनं त्याला विचारलं, "पायरीचं आईंना तू बोललास का?"

"मी? आठवडाभर मी घराकडे फिरकलोय का? ड्रायव्हरच्या सीटवरच बूड झिजलंय माझं."

मग एफ्तालीनं स्वतःची समजूत घातली. लिगोरच्या बापाचं काम सासूबाईंनी पाहिलेलं होतं. खोड बापाकडून मुलाकडे आली असणार, एवढा अंदाज कुणीही बांधला असता. समजूत पटण्यासारखी होती आणि त्या रात्री तिला झोपही लागली.

३

उन्हाळ्यात वासिलिकाच्या तक्रारी वाढल्या.

"मागच्या मोरीतला नळ ठिबकतो. डोळ्याला डोळा लागत नाही."

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा आत शिरतो. फट राहिलीय बघ कुठंतरी."

एफ्ताली वर जाऊन बघायची. नळ ठिबकत असायचा. फट सापडायची. पण अर्ध्या बांधलेल्या घरात न ठिबकणारा नळ आणि फट नसलेली खिडकी असते कुठं? असं ती चढ उतरताना स्वतःला विचारायची. उतरताना विचारायची, चढताना नाही.

एका दुपारी गवंडी जेवायला गेले होते. एफ्ताली खालच्या खोलीत बादली आणि मग घेऊन भिंतीवर पाणी मारत होती. वरून आवाज आला. सपाता घासत कुणीतरी सिमेंटवरून चाललं होतं. खिडकीकडून दाराकडे, दाराकडून खिडकीकडे. मधे थांबून दम घ्यायचं आणि पुन्हा चालायचं. एफ्तालीच्या हातातला मग तसाच राहिला. मांजर असेल. पण मांजर सपाता घालत नाही. वाऱ्यानं कागद घासत असेल. पण अक्रोडाचं एक पान हलत नव्हतं.

ती वर गेली. अक्रोडाकडच्या खोलीत कुणीही नव्हतं. अजून दार बसलं नव्हतं, लपायला कोपराही नव्हता. चुन्याचा ताजा वास होता. खिडकीशेजारच्या भिंतीवर मात्र, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल एवढ्या उंचीवर, एक गोलसर तेलकट डाग होता. वर्षानुवर्षं एकाच जागी डोकं टेकलं की भिंतीला पडतो तसा. तिनं हात लावला. सगळी भिंत ओलसर आणि गार होती, तेवढीच जागा कोरडी होती. आणि कोमट.

"कुणी डोकं पुसलं माझ्या भिंतीला?" लिगोरनं आपल्या माणसांवर तोंड टाकलं. डाग खरवडला, वरून चुना दिला. चुना वाळला तसा डाग परत वर आला.

त्या संध्याकाळी एफ्तालीनं सासूची उशी सारखी करता करता भिंतीकडे पाहिलं. फ्लॅटमधल्या या भिंतीवर, उशाच्या वर, पहिल्या हिवाळ्यापासून असाच एक डाग होता. तो जावा म्हणून तिनं साबण, सोडा, व्हिनेगर सगळं करून पाहिलं होतं.

भिंत स्वच्छ होती. कधी कुणी तिला डोकं टेकलंच नव्हतं, अशी.

४

दारं एकदाची आली. ती बसवली त्या दिवसापासून वासिलिका बोलायची कमी झाली. विचारलं तर उत्तर द्यायची, पण आपणहून काही नाही. विजेचं मीटर लागलं त्या दिवशी भर दुपारी ती म्हणाली, "दिवा का घालवलास?" स्वयंपाकघरात लाद्या बसल्या आणि ती घास तोंडातून काढून ठेवू लागली. म्हणे, पाव कागदासारखा लागतो.

पेत्राकनं डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी छाती तपासली, पापण्या ओढून पाहिल्या. "काही आजार नाही," त्या म्हणाल्या. "वय झालंय. एकेक गोष्ट कमी होत जाते. जे खावंसं वाटेल ते द्या."

"घर लवकर उरकायला हवं," पेत्राक दारातच म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "तिला दाखवायला हवं, एफ्ताली. नाहीतर कशासाठी केलं हे सगळं?"

एफ्तालीच्या मनात दोन ओळी शेजारी शेजारी उभ्या राहत होत्या आणि त्या तिला एकमेकींपासून तोडता येत नव्हत्या. तिकडे काही लागलं की इकडे काही जात होतं. असं कुठं असतं का? नसतं. म्हाताऱ्या माणसाची तब्येत उन्हाळ्याअखेरीस ढासळते आणि घरंही उन्हाळ्याअखेरीसच पुरी होतात. दोन्हींचा हंगाम एक, एवढंच. ती दिवसभर शिलाईच्या सुईबरोबर हे घोकत राहिली. पाळी सुटली, चढ चढली, आणि लिगोर मोरीच्या लाद्या कालवलेल्या सिमेंटवर ठेवणार एवढ्यात तिच्याच तोंडून निघालं, "थांबा उस्ता. हा रंग नको."

लिगोर उकिडवाच राहिला. "काय?"

"रंग नको हा. परत पाठवा."

"सूनबाई, तुम्हीच निवडलात ना? इतके दिवस माझं डोकं खाल्लंत. उस्ता दारं, उस्ता लाद्या, उस्ता तुम्ही मेलात की जिवंत आहात! आणि आता लाद्या आल्या तर रंग नको?"

"नको म्हटलं ना."

"ऊन लागलंय का तुम्हाला?"

"लागलं असेल. परत पाठवा."

त्या आठवड्यात काम बंद राहिलं. आणि वासिलिका एका सकाळी उशीवर रेलून बसली. म्हणाली, "पोरी, पालक आणि चीज घातलेला लाक्रोर कर ना. पापुद्रा पातळ लाट हं, मागच्यासारखा गोधडीएवढा नको." एफ्तालीनं कारखान्याला दांडी मारली. दिवसभर पीठ मळलं, पापुद्रे लाटले, तव्याच्या झाकणावर निखारे रचले. वासिलिकानं दोन तुकडे खाल्ले आणि बोटं चाटली. एफ्ताली मोरीत जाऊन तोंडात रुमालाचा बोळा कोंबून रडली. आनंदानं रडली की भीतीनं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

मग तिनं सपाटाच लावला. कठडा डुगडुगतो, काढा. कपाटाची दारं उलटी उघडतात, बदला. वरच्या खोलीचा रंग पिवळट दिसतो, खरवडा. ज्या दिरंगाईला तिनं इतके दिवस शिव्या घातल्या, तीच आता ती पोटच्या पोरासारखी जपू लागली.

शेवटी पेत्राकचा बांध फुटला. "तुला ते घर नकोच आहे का? स्पष्ट सांग! आई मरायला टेकलीय आणि तू कपाटाच्या बिजागऱ्या मोजत बसलीयस?"

"थोडं थांब. हिवाळ्यानंतर बघू."

"हिवाळा काढेल ती?"

"इथं काढेल," एफ्ताली म्हणाली.

"इथं म्हणजे?"

काय सांगणार होती ती? तिनं ताटं उचलली. आतल्या खोलीतून वासिलिका म्हणाली, "भांडू नका रे. मला दोन्हीकडे ऐकू येतं."

पेत्राकला वाटलं, आईचे कान अजून तिखट आहेत, एवढंच ती म्हणतेय.

५

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, उन्हं कलायच्या आधी, एफ्ताली पुन्हा वर गेली. काम बंद होतं आणि घर मोकळं होतं. तिला एकदाच, शांत डोक्यानं, त्या खोलीत उभं राहून बघायचं होतं. बघितलं की संपेल, असं तिला वाटत होतं. आपल्याला जी भीती वाटते ती रिकाम्या खोलीची, आणि रिकामी खोली म्हणजे चार भिंती.

जिना चढताना वरचा आवाज थांबला. म्हणजे तो आधीपासून येत होता आणि तो थांबल्यावरच तिला ऐकू आला.

अक्रोडाकडच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं दाराची मूठ धरून खाली दाबली. मूठ हलली नाही. कुलूप नव्हतंच त्या दाराला, ते अजून बसवायचं होतं. तिनं जरा जोर लावला. तेव्हा तिला मुठीतून पलीकडचा हात जाणवला. झटापट नाही, धाक नाही. नुसतं घट्ट धरून ठेवलेलं. बाहेरून कुणी दार ढकललं तर मोरीत गेलेलं माणूस ते धरून ठेवतं, तसं.

"आई?" एफ्तालीच्या तोंडून गेलं.

आतून खोकला आला. तो खोकला ती गेली काही वर्षं रोज ऐकत होती. आखडता, दोनदा, आणि मग घशातल्या घशात गिळलेला.

तिनं मूठ सोडली. जिना कसा उतरली, फाटक लावलं की नाही, ते तिला नंतर आठवेना. चढावरून ती पळतच खाली आली, फ्लॅटचं दार उघडलं. वासिलिका खाटेवर होती. उताणी, डोळे अर्धे उघडे, छाती हलत नव्हती. एफ्तालीनं तिचे दोन्ही खांदे धरून हलवलं, "आई! आई!"

बऱ्याच वेळानं छाती वर आली. वासिलिकानं दमल्यासारखा श्वास घेतला, जिना चढून आल्यासारखा. मग सुनेकडे पाहून कुजबुजली, "किती जोरानं ओढतेस गं दार."

६

त्यानंतर एफ्ताली वर गेली नाही. लिगोरला तिनं निरोप पाठवला की पैशांची अडचण आहे, वसंतापर्यंत काम बंद. पण लिगोर आणि पेत्राक एकाच कॉफीच्या टपरीवर बसायचे. दोघांनी मिळून ठरवलं की बाईचं डोकं दमलंय, तिला न विचारता उरकून टाकू, आणि एक दिवस सरप्राइज देऊ. लिगोर आयुष्यात पहिल्यांदा बोलल्याप्रमाणे वागला. मोरीच्या लाद्या बसल्या, कठडा रोवला, कुलपं लागली. ती पाळीवर असताना.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी एफ्ताली फ्लॅटवर आली तर खाट रिकामी होती. गोधडी नव्हती, उशी नव्हती. खालच्या मजल्यावरची घरमालकीण धिमित्रामावशी जिन्यात भेटली. तिचा चेहरा फुललेला होता. "अगं, आहेस कुठं? नेलं की पेत्राकनं आईला! खुर्चीवर बसवून, चौघांनी उचलून. पाहुणे जमलेत वर. जा लवकर!"

नव्या घराच्या फाटकातच तिला राकीच्या दारूचा वास आला, माणसांचा गलका ऐकू आला. आणि दारात, नव्या उंबऱ्यावर, वासिलिका उभी होती. आपल्या पायांवर. हातात काठीही नव्हती.

"आलीस?" ती म्हणाली. "ये, ये. बाहेर गारठा आहे."

पेत्राक रडत होता आणि हसत होता. त्यानं बायकोला मिठीच मारली. "फाटकाशी ती इतकी जड झाली, एफ्ताली, दगडासारखी. मला वाटलं गेली. माझ्या हातातच गेली. आणि उंबऱ्याशी आलो तर काय, म्हणाली मला खाली ठेव! आणि चालली! डॉक्टरीणबाईंना बोलाव, लिगोर, बोलाव त्यांना, बघू दे!"

"घर लाभलं म्हातारीला," लिगोर म्हणाला आणि नाक पुसलं.

वासिलिकानं स्वतः सगळ्यांना कॉफी केली. कपाटातून कप काढले. साखर कुठं ठेवलीय ते तिला कुणी दाखवलं नव्हतं. दिव्याचं बटण दाराच्या मागे, उलट्या बाजूला होतं. पेत्राकलाही ते चाचपावं लागायचं. ती बोलता बोलता मागे न बघता हात नेऊन दिवा लावत होती. गाल लाल होते तिचे. एफ्तालीच्या हातात कप देताना तिची बोटं लागली. ती कोमट होती.

एफ्तालीनं कॉफी प्यायली. चांगली झाली होती. इतके दिवस ज्या भीतीनं तिनं या म्हातारीचं सुख अडवून धरलं, ती किती खुळी होती, असं तिनं मनाशी म्हटलं. दोनदा म्हटलं.

७

पुढच्या शनिवारी ती फ्लॅट आवरायला गेली. पडदे काढले, चुलीतली राख भरली. धिमित्रामावशी खाली किल्लीची वाट बघत होती. आतल्या खोलीत फक्त खाटेचा सांगाडा आणि वरची गादी उरली होती, ती धिमित्रामावशीचीच. त्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

एफ्ताली स्वयंपाकघरात शेवटचे दोन पेले कागदात गुंडाळत होती. आतून आवाज आला. फार बारीक, सुकलेल्या घशातून आलेला.

"पोरी, पाणी."

तिनं पेला गुंडाळायचा थांबवला. शेजारच्या फ्लॅटमधून आला असेल. भिंती पातळ आहेत. ती कान देऊन उभी राहिली.

"कुणी आहे का? किती वेळ हाक मारतेय."

बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादरी झटकत होतं. पेत्राक घरी होता, आणि त्याची आई घरी होती, सकाळीच तिनं वांगी भाजली होती. हे सगळं खरं होतं. एफ्तालीनं नळ सोडला, पेला भरला आणि दाराशी गेली. दार पुरं उघडायचा तिला धीर झाला नाही. फटीतून, हाताच्या अंतरावर, गादीचा काठ दिसत होता आणि काठावर एक हात. हाडांवर नुसती कातडी, नखांशी निळा. अनामिकेत झिजलेली अंगठी. ती अंगठी एफ्ताली रोज साबणानं धुवायची.

तिनं फटीतून पेला आत धरला. तिच्या हातातलं वजन हळूहळू उचललं गेलं. गिळण्याचा आवाज आला, एकेक घोट, मधे थांबून. मग पेला परत तिच्या हातात आला. रिकामा.

"तू होय," आतून आवाज आला. "बरं झालं. मला वाटलं विसरलात."

खाली धिमित्रामावशीनं किल्लीसाठी हात पुढे केला, तेव्हा एफ्ताली म्हणाली, "मावशी, अजून थोडे दिवस राहू दे फ्लॅट. काही काम राहिलंय."

"घर झालं ना आता?"

"झालं हो," ती म्हणाली.

८

हिवाळा लागला. वासिलिका सगळ्यांच्या कौतुकाचा विषय झाली. ती चर्चमध्ये जाऊ लागली, शेजारणींना लोणची घालून देऊ लागली. पेत्राकचं वजन वाढलं. तो आता रात्री गाणं गुणगुणत गाडी धुवायचा. त्याचा तो चेहरा बघितला की एफ्तालीच्या ओठावर आलेलं सगळं परत पोटात जायचं. कुणाला आणि काय सांगायचं? आपलं डोकं ठिकाणावर नाही, असं मानणं त्यातल्या त्यात सोपं होतं. पण त्या डोक्यानंच ती रोज बुटांचे तळ बिनचूक शिवत होती.

पाळी सुटली की ती घरी यायची, बरणीत सूप भरायची आणि चढ उतरून फ्लॅटवर जायची. एक जुनी गोधडी तिनं फटीतूनच आत सरकवली होती. दार ती कधीच पुरं उघडत नसे. चमचा फटीतून आत जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. कधी आतून विचारणा व्हायची, बाहेर बर्फ पडला का? ती सांगायची, पडला. उशाच्या वर भिंतीवर पुन्हा डाग धरू लागला असेल का, हे तिला फटीतून दिसत नसे.

पेत्राकला तिनं सांगितलं होतं की धिमित्रामावशी आजारी आहे.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात बरणीचं झाकण लावत होती. वासिलिका ओट्याशी पाठमोरी उभी राहून कांद्याची पात चिरत होती. सुरीचा आवाज एकसारखा चालला होता. पाठ ताठ होती, केस नीट बांधलेले होते.

"तिच्याकडे चाललीस?" वासिलिकानं विचारलं.

एफ्तालीचा हात झाकणावर थांबला. "धिमित्रामावशीकडे. बरं नाही त्यांना."

सुरी चालतच राहिली. वासिलिका मागे वळली नाही. आवाजात राग नव्हता. जुन्या, समजूतदार सासूनं सुनेला दोन गोष्टी सांगाव्यात तसा मऊ, प्रेमळ आवाज होता.

"तिला पाणी देत जाऊ नकोस, पोरी. उगाच लांबतंय."

एफ्तालीनं झाकण घट्ट फिरवलं, बरणी शालीत गुंडाळली, डोक्याला रुमाल बांधला आणि सोबत पाण्याची बाटलीही घेतली. पातीचा वास सगळ्या घरात भरला होता. नवं, उबदार, कुठं फट नसलेलं घर.

फाटकाशी जाऊन तिनं वळून पाहिलं. वरच्या खिडकीत, अक्रोडाच्या निष्पर्ण फांद्यांमागे, वासिलिका उभी होती. एवढ्यात ती वर कधी पोचली? तिनं सुनेला हात केला. एफ्तालीनंही हात केला. मग ती चढ उतरू लागली, भरभर, सूप निवायच्या आत पोचायला हवं म्हणून.